निधीसाठी एकट्याने लांबचा ट्रेक? या चुका टाळा

तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी जमवायला एकटेच शेकडो किलोमीटर चालायला निघणाऱ्यांची तयारी बहुधा बूट, सॅक आणि तंबू यांतच अडकते. पाय सहसा दगा देत नाहीत. गोची होते ती हिशेबात आणि फोनच्या इनबॉक्समध्ये.

सगळ्यात महागात पडते ते देणग्या स्वतःच्या खात्यात घेणे. ‘नंतर संस्थेला एकरकमी देतो’ हे कितीही प्रामाणिकपणे म्हटले, तरी शंकेला जागा राहतेच. पैसे थेट संस्थेकडे जाऊ द्या. ट्रेकचा खर्च वेगळा उभा करा आणि तो कोण करतेय हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. देणग्यांचा ओघ सुरुवातीला जोरात असतो आणि मधल्या टप्प्यात आटतो. तेव्हा घाबरून रोज हात पसरू नका. मोठ्या देणगीदाराला ‘अर्धे अंतर झाल्यावर द्या’ अशी विनंती आधीच करून ठेवा.

दुसरी चूक संदेशात होते. ‘चाला आणि नैराश्य पळवा’ छापाच्या घोषणा टाळाच. चालण्याने मनाला उभारी मिळते, पण ते उपचारांची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, आणि त्यातले बरेच जण तुमची पोस्ट वाचत असतील. आत्महत्येबद्दल लिहिताना पद्धत सांगू नका, एकाच कारणावर खापर फोडू नका, आणि त्या भागातला हेल्पलाइन क्रमांक द्या.

आता खरा अवघड भाग. अशा ट्रेकवर लोक देणगीसोबत मनही मोकळे करतात. रात्री तंबूत शिरल्यावर एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाचा मेसेज येतो, ‘जगावंसं वाटत नाही.’ फोनला धड रेंज नसते, अंग मोडून आलेले असते. अशा वेळी समुपदेशक बनायला जाऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नका. जिवाला धोका आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. जवळ कोण आहे ते विचारून त्या माणसाला बोलवायला सांगा, हेल्पलाइन किंवा आपत्कालीन क्रमांक द्या आणि संस्थेच्या ठरलेल्या व्यक्तीला लगेच कळवा. ही व्यक्ती निघण्यापूर्वीच नेमलेली हवी. तुम्ही चालत असताना इनबॉक्सही तिनेच पाहावा, आणि आपोआप जाणाऱ्या उत्तरात मदतीचे क्रमांक असावेत. अल्पवयीन मुलांशी एकट्याने गप्पा लांबवू नका, हेतू चांगला असला तरी. स्वतःची औषधे चालू असतील तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून वाटेत बंद करू नका. जादा साठा जवळ ठेवा.

वेळापत्रक आखताना लोक नेस्मिथचा नियम वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक. पण १८९२ चा हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा आहे. पाठीवर ओझे आणि आठवडाभराचा थकवा असला की तो कोलमडतो. त्यात शाळेत बोलायचा कार्यक्रम घेतलात, तर तो दिवस अर्धाच धरा. लाइव्ह लोकेशन जगजाहीर करू नका; फोटो एक दिवस उशिरा टाका. रोजची संपर्काची वेळ एका विश्वासू माणसाशी ठरवा, आणि ती चुकली तर किती तासांनी मदत बोलवायची हेही. काही देशांत सॅटेलाइट फोनसारखे उपकरण विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे, तेवढे तपासा.

ट्रेक अर्धवट सुटला तर काय, हे न ठरवणे ही शेवटची चूक. कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी कॅनडाभर धावायला निघालेल्या टेरी फॉक्सला १९८० मध्ये १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, कॅन्सर फुप्फुसांत पसरल्याने थांबावे लागले. निधी मात्र त्यानंतरही येत राहिला. ‘ट्रेक थांबला तरी देणगी संस्थेकडेच जाईल’ एवढे एक वाक्य देणगीच्या पानावर सुरुवातीलाच लिहून ठेवा. म्हणजे गुडघा सुजलेला असताना केवळ लोकांच्या पैशांपोटी पुढे रेटत राहावे लागणार नाही.