बुरखाबंदीवर वादविवाद ठेवताय? आधी ठराव नीट लिहा

‘बुरखाबंदी हवी की नको?’ हा ठराव नव्हे. व्याख्यानमालेत किंवा कॉलेजच्या वादविवाद मंडळात फलकावर एवढंच लिहिलं, की अर्ध्या तासात अनुकूल बाजू काबूलबद्दल बोलू लागते, प्रतिकूल बाजू उडुपीबद्दल आणि श्रोते शेजारच्या गल्लीबद्दल. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं, पण एकमेकांशी गाठ पडत नाही. म्हणून तयारीचा निम्मा वेळ ठरावाच्या एका वाक्यावर घालवा. त्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोणतं वस्त्र, कुठे, बंदी कोण घालणार आणि मोडली तर शिक्षा काय.

वस्त्रापाशीच घोडं पेंड खातं. हिजाबमध्ये केस आणि मान झाकलेली, चेहरा उघडा. नकाबमध्ये फक्त डोळे दिसतात. अफगाणी बुरख्यात डोळ्यांपुढेही जाळी असते. आपल्याकडे मात्र काळा पायघोळ झगा दिसला, की चेहरा उघडा असला तरी लोक ‘बुरखा’च म्हणतात. युरोपातले बुरखाबंदीचे कायदे झग्याबद्दल नाहीत, चेहऱ्याबद्दल आहेत. उलट उडुपीच्या महाविद्यालयातून सुरू झालेला कर्नाटकातला २०२२ चा वाद हिजाबचा होता. त्यात चेहरा झाकण्याचा प्रश्नच नव्हता. एका वक्त्याने फ्रान्स आणि दुसऱ्याने कर्नाटक एकाच श्वासात घेतलं, तर अध्यक्षांनी तिथेच थांबवावं.

जागा आणि शिक्षा यांतही देशोदेशी फरक आहे. फ्रान्समध्ये रस्ता, दुकान, इस्पितळ, बस असं सगळं येतं आणि दंड १५० युरोपर्यंत. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून बंदी आहे, पण फक्त शाळा, इस्पितळ, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहनांत; रस्त्यावर नाही. डेन्मार्कमध्ये पहिल्या वेळी १,००० क्रोनर, पुन्हा पुन्हा मोडल्यास १०,००० पर्यंत. स्वित्झर्लंडमध्ये तर संसद आणि सरकार दोन्ही विरोधात असताना ७ मार्च २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतांनी बंदी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. ‘युरोपात सगळीकडे बंदी आहे’ असं म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारा: कोणत्या देशात, कुठल्या जागी?

ठरावाचे तीन नमुने देतो. एक: ‘सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर भारतात कायद्याने बंदी घालावी.’ दोन: ‘वर्गात नकाबला मनाई करण्याचा अधिकार महाविद्यालयाला असावा.’ तीन: ‘फ्रान्सने २०१० साली केलेला कायदा चुकीचा होता.’ पहिल्यांदाच कार्यक्रम घेत असाल तर तिसरा घ्या. कायद्याचा मजकूर छोटा, निकाल उपलब्ध, आणि सभागृहातल्या कुणाच्या घरावर थेट बोट जात नाही. दुसरा सर्वांत जवळचा आणि सर्वांत अवघड. पहिल्याला टाळ्या भरपूर मिळतात, पण मसुदाच समोर नसल्याने बोलणं हवेत राहतं.

माहितीपत्रक

दोन्ही बाजूंना आठ दिवस आधी एकच माहितीपत्रक द्या: ए-फोर कागद, पाठपोट, त्याहून जास्त नको. तिसरा ठराव घेतलात तर त्यात हे असायलाच हवं. कायदा ११ ऑक्टोबर २०१० चा, अंमल ११ एप्रिल २०११ पासून. कनिष्ठ सभागृहात बाजूने ३३५, विरोधात १. कायद्यात इस्लामचा किंवा बुरख्याचा उल्लेख नाही, ‘चेहरा लपवणं’ एवढेच शब्द आहेत. दंडाऐवजी किंवा दंडाबरोबर नागरिकत्वाचा अभ्यासवर्ग सांगता येतो. दुसऱ्या व्यक्तीला जबरदस्तीने चेहरा झाकायला लावणाऱ्याला मात्र एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड, पीडित अल्पवयीन असेल तर दोन्ही दुप्पट. हे कलम बहुतेक वक्ते विसरतात आणि अनुकूल-प्रतिकूल दोघांचंही नुकसान करून घेतात. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार फ्रान्सभर पूर्ण चेहरा झाकणाऱ्या बायका सुमारे १,९०० होत्या.

पुढे न्यायालय. १ जुलै २०१४ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १५ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकवला. पण कारण नीट वाचा. सरसकट बंदीला सुरक्षेचं कारण पुरेसं नाही, असं न्यायालय म्हणालं. स्त्री-पुरुष समानतेसाठी बंदी हवी, हा युक्तिवादही मानला नाही, कारण खुद्द काही स्त्रियाच त्या वस्त्राचा हक्क मागत होत्या. टिकलं ते ‘एकत्र राहणं’ हे तत्त्व: समाजात वावरताना चेहरा दिसावा, ही किमान अपेक्षा. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच कायद्याबद्दल उलट मत दिलं. त्यामुळे ‘जागतिक न्यायालयांनी मान्य केलंय’ आणि ‘जगाने धिक्कारलंय’ ही दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत.

अपवादांची चाचणी

फ्रेंच कायद्यात हेल्मेट, आजारपण, खेळ, सण आणि कलेचे कार्यक्रम यांना सूट आहे. कोणत्याही बंदीची खरी परीक्षा तिच्या अपवादांत होते, म्हणून दोन्ही बाजूंना अपवादांवरचे प्रश्न आधीच देऊन ठेवा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात बंदी लागू झाल्यावर पोलिसांनी व्हिएन्नात एका दुकानाच्या जाहिरातीसाठी शार्कचा पोशाख घातलेल्या माणसालाच दंड केला. तीन वर्षांनी कोरोना आला आणि फ्रान्समध्ये मेट्रोत मास्क सक्तीचा झाला, तेव्हा चेहरा झाकण्यावरची बंदी कायद्याच्या पुस्तकात तशीच होती.

आपल्याकडची चाचणी पुण्यात एप्रिलच्या दुपारी कुठल्याही सिग्नलवर सापडते. स्कूटरवरच्या मुलीने ओढणी नाकावरून घेऊन मागे गाठ मारलेली, वर गॉगल, हात कोपरापर्यंत सुती मोज्यांत. तिच्या शेजारी नकाबातली मुलगी. बंदी हवी म्हणणाऱ्यांनी सांगावं की कायद्याच्या शब्दांत या दोघींत फरक कसा करणार. उन्हाचं कारण चालतं आणि श्रद्धेचं चालत नाही, हे म्हणायचं असेल तर उघड म्हणावं. बंदी नको म्हणणाऱ्यांनी सांगावं की परीक्षेच्या दारात किंवा मतदान केंद्रावर ओळख पटवायची वेळ आली तर दोघींनीही चेहरा दाखवावा की नाही. पडदा पाळणाऱ्या बायकांचाही मतदार यादीत फोटो असलाच पाहिजे, असं मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे.

वक्ते कसे निवडाल

अनुकूल आणि प्रतिकूल या दोन रकान्यांत या विषयावरची माणसं मावत नाहीत. पडद्याला विरोध वेगळा आणि बंदीला पाठिंबा वेगळा. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात स्थापलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या वारशातला माणूस पडद्यावर कडाडून टीका करेल, पण पोलिसाने बाईकडून दंड घ्यावा हे त्याला पटेलच असं नाही. वक्त्याला आमंत्रण देताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तर लिहून घ्या: हे वस्त्र योग्य वाटतं का? सरकारने रोखावं का? असं केलं नाही तर ऐन व्यासपीठावर तुमचा अनुकूल वक्ता प्रतिकूल बाजू मांडू लागतो.

चार वक्त्यांत किमान दोन बायका हव्यात. नकाब घालणाऱ्या मुलीला बोलवायचं तर युक्तिवाद करायला बोलवा, नमुना म्हणून नको. फोटो आणि चित्रीकरणाबद्दल तिची संमती आधी घ्या, आणि फोटोग्राफरलाही ते आधीच सांगून ठेवा.

वेळ आणि व्यासपीठ

एकूण ९० मिनिटं. प्रास्ताविक ५, चार वक्ते प्रत्येकी ८, परस्परांना प्रश्न १०, दोन्ही बाजूंचा समारोप ४-४, श्रोत्यांचे प्रश्न २५, मतदान ५. बेरीज ८५ होते; उरलेली पाच मिनिटं उशिराची, ती लागतातच. सातव्या मिनिटाला एक घंटा, आठव्याला दोन. श्रोत्यांकडून प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माईक फिरवला की प्रश्नाचं भाषण होतं. मतदान सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा घ्या, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर, आणि पहिला निकाल शेवटपर्यंत फोडू नका. किती लोकांचं मत हललं, तेवढंच मोजा.

अध्यक्षांकडे तीन-चार गोष्टी तोंडपाठ हव्यात, कारण त्या हमखास येतात. ‘सर्वोच्च न्यायालयाने हिजाबवर बंदी घातली’ हे चूक: कर्नाटकच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची मतं फुटली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितलं. चेंबूरच्या महाविद्यालयाचं प्रकरण निघालं तर दोन तारखा सांगा. २६ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने महाविद्यालयाच्या हिजाब-मनाईविरुद्धची विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या मनाईला स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा चालणार नाही असंही म्हटलं. एकच निकाल दोन्ही बाजू आपला म्हणून मिरवतात तो असा. श्रीलंकेतल्या ईस्टर स्फोटांनंतर १ मे २०१९ च्या ‘सामना’च्या अग्रलेखाने भारतात बुरखाबंदी मागितली होती, तोही कुणीतरी काढेल; ती शिवसेनेची अधिकृत भूमिका नाही, असा खुलासा तेव्हाच आला होता, हे जोडा.

‘तुमचे लोक’, ‘त्यांच्या बायका’ हे शब्द आले की वक्त्याला वाक्य पुन्हा म्हणायला लावा. पहिल्याच वेळी, हसत. तिसऱ्यांदा टोकलंत तर तुम्ही पक्षपाती ठरता. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ (समाजांत वैर पसरवणं आणि धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणं) वक्त्यांच्या पत्रातच लिहून ठेवा. लाऊडस्पीकर सभागृहाबाहेर लावणार असाल तर पोलिस ठाण्याची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत आवरा.

चित्रीकरण टाकायचं तर अखंड ९० मिनिटांचं टाका. तीस सेकंदांचे तुकडे कापून फिरवणार नाही, हे वक्त्यांना लेखी द्या. तो कागद दाखवलात की जे यायला कचरत असतात, त्यांतले काही तयार होतात.