शेजाऱ्याला खटकलेलं सांगायचंय?

पुण्यात पाटीवरच्या टोमण्याचं कौतुक होतं. तोच टोमणा जिन्यात समोरासमोर मारला, की शेजारी वर्षभर तोंड फिरवतो. गेटसमोर गाडी लावणाऱ्याशी बोलायचं असेल तर आधी वेळ बघा. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका. कारण पुणेकराला सांगायला नको. संध्याकाळचा चहा झाल्यावर जा.

आधी घडलेली गोष्ट आणि अडचण, एकाच वाक्यात: "काका, काल रात्री गाडी गेटसमोर होती, आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा आत येईना." मग विनंती: "थोडी भिंतीकडे घ्याल का?" आणि गप्प बसा. इथेच बहुतेकांना राहवत नाही.

"तुम्ही नेहमीच", "कितीदा सांगायचं", "एवढंही कळत नाही?" यातलं एक जरी निसटलं, तरी विषय गाडीवरून माणसावर जातो आणि तो स्वतःचा बचाव करत बसतो. "राग मानू नका, पण..." हेही टाळा, ऐकणारा तिथेच रागवायच्या तयारीला लागतो. "सगळेच म्हणतात" तर नकोच. सगळे म्हणजे कोण, याचीच चौकशी सुरू होते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन लिहू नका. चारचौघांत लाजलेला माणूस चूक असूनही मागे हटत नाही.

वॉचमनला "ए" नको, "दादा" म्हणा.

आणि नकार द्यायचा असेल तर "बघू" म्हणून लटकवू नका: "या रविवारी जमणार नाही. पुढच्या शनिवारी चालेल का?"