साशिको: पर्समध्ये मावणारं भरतकाम

लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून भरतकाम जमणं शक्य नाही, अशी माझी खात्री होती. रिंग धरायची, सुई एकदा वरून एकदा खालून, आणि दर टाक्याला कोपर शेजारणीच्या बरगडीत! साशिकोला रिंग लागतच नाही. सुई जवळपास जागच्या जागी राहते, कापडच तिच्यावर चढत जातं. हात मांडीवरून हलत नाहीत.

टाका एकच, आपला धावदोरा. गोधडीला घालतात तोच. साशिको म्हणजे बारीक टोचे. जपानच्या उत्तरेकडच्या त्सुगारू भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले शेतकरी भांगेच्या झाडाच्या धाग्याचं विरळ कापड वापरत आणि त्याची भोकं दोऱ्याने भरून काढत, म्हणजे गार वारा आत शिरायचा नाही. एदोचे, म्हणजे आजच्या तोक्योचे, आगीचे बंबवाले तर थरावर थर शिवलेले साशिकोचे कोट पाण्यात भिजवून आगीत शिरत. नक्षी मागाहून आली, आधी ऊब आणि टिकाऊपणा.

पहिलं काम म्हणून 'हाना-फुकिन' करा. हे स्वयंपाकघरातलं दुहेरी फडकं. साधारण 33 बाय 66 सेंटिमीटर सुती कापड घ्या. मऊ आणि थोडं सैल विणीचं हवं. कडक, घट्ट विणीच्या कापडातून जाड सुई ओढताना बोटं दुखतात. खळ आणि आकसणं दोन्ही आधीच निघून जावं म्हणून ते धुऊन वाळवा. सुलट बाजू आत ठेवून दुमडा, कडा शिवा, हात जाईल एवढी फट सोडा, उलटवा, फट बंद करून इस्त्री फिरवा.

साशिकोचा खास दोरा सुती, जाडसर आणि बिनचमकीचा असतो. तो नाही मिळाला तर आठ नंबरचा पर्ल कॉटन चालतो. रेशमाच्या लडीचे पदर सुटे करतो तसे याचे करायचे नाहीत, अख्खाच ओवायचा. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या.

आता आखणी. मधोमध 25 सेंटिमीटरचा चौकोन काढून त्यात अडीच-अडीच सेंटिमीटरच्या चौकटी पाडा. मग 5 सेंटिमीटर व्यासाचं एखादं झाकण शोधा. बुद्धिबळाच्या पटासारखा एक छेदबिंदू सोडून एक घ्यायचा आणि त्यावर मध्य धरून वर्तुळ काढायचं. चौकोनाच्या कडेला अर्धं आलं तर अर्धंच. वर्तुळं एकमेकांत शिरून चार पाकळ्यांची फुलं दिसू लागतील. ही 'शिप्पो', म्हणजे सप्तरत्नांची नक्षी.

शिवायला मात्र आधी चौकोनाची सरळ कड घ्या, हात तिच्यावरच बसतो. गाठ मारू नका. थोडं पुढून सुरू करून उलट दिशेने तीन टाके घाला, मग वळून त्यांच्याच भोकांतून परत या. दोरा अडकून बसतो. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा किंचित लहान. प्रमाण साधारण तीनास दोन. सुई उजव्या हातात स्थिर धरा आणि डाव्या हाताने कापड वर-खाली करत तिच्यावर चुण्या चढवा. पाच-सहा टाके जमले की ओढा.

ओढून झाल्यावर थांबा. शिवलेला भाग अंगठा आणि तर्जनीत धरून दोऱ्याच्या दिशेने दोनदा निपटा, चुण्या मोडून कापड सपाट झालं पाहिजे. माझं पहिलं फडकं मी हे न करता शिवलं आणि ते पापडासारखं वेडंवाकडं झालं. सगळा दोष मी बिचाऱ्या दोऱ्याला दिला होता.

वर्तुळं मात्र एकेक करून शिवायची नाहीत. तिरक्या दिशेने एक कमान या बाजूची, पुढची त्या बाजूची, अशी नागमोडी ओळ टोकापर्यंत न्या. आधी एका तिरप्या दिशेच्या सगळ्या ओळी, मग दुसरीच्या. पाकळीच्या प्रत्येक बाजूवर सात-आठ टाके येतील. आकडा ठरला की सगळीकडे तोच ठेवा. चार टोकं भेटतात तिथे टाका आणायचा नाही, मधे इवलीशी मोकळी जागा राहू द्या. टाके तिथे एकमेकांवर चढले तर गुठळी दिसते. एका ओळीवरून शेजारच्या ओळीवर जाताना दोरा दोन थरांच्या मधून सरकवा आणि वळणावर जरा ढिला सोडा.

प्रवासाची पिशवी छोटीच ठेवा: घडी केलेलं फडकं, डबीत दोन सुया आणि घरीच कापून ठेवलेले 60-70 सेंटिमीटरचे दोरे. कात्रीऐवजी नेलकटर. गाडी भरली की सुई कापडात खोचून सरळ घडी घालायची; स्टेशन आल्यावर सुई शोधत बसण्याइतकी वाईट वेळ नाही.

धुतल्यावर जाणाऱ्या निळ्या पेनाने आखलं असेल, तर शिवून झाल्यावर आधी गार पाण्यात बुडवा. रेघा पूर्ण गेल्यावरच इस्त्री करा. आधी केलीत तर निळं तिथेच पक्कं बसतं.