गावात फायबर आल्यावर जोडणी-दुरुस्तीचा धंदा कसा उभा करायचा

भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची फायबर केबल, म्हणजे काचेच्या बारीक तारांची केबल, ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून घरं, शाळा, दवाखाना जोडायला जवळचंच माणूस लागतं. खोदाई संपली की मजुरी संपते. जोडणी-दुरुस्ती मात्र बारमाही चालते, तेव्हा शिकायचं तर तेच. 'ऑप्टिकल फायबर स्प्लायसर' हा टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचा अभ्यासक्रम आहे.

फायबरची टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन महाग असतं, सुरुवातीला भाड्यानं घ्या. क्लीव्हर (फायबर सरळ कापणारा), स्ट्रिपर (वरचं कोटिंग काढणारा), पॉवर मीटर (प्रकाश मोजणारा) आणि लाल लाइट (तुटलेली जागा दाखवणारा) मात्र स्वतःचे हवेत. जोड देताना आधी स्लीव्ह (जोडावर बसणारी संरक्षक नळी) तारेत ओवा. नवखे नेमकं हेच विसरतात, मग झालेला जोड तोडावा लागतो. कोटिंग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, क्लीव्ह करा. कापाचा कोन १ अंशाच्या आत आणि जोडाचा लॉस (वाटेत घटणारा प्रकाश, तो डीबीत मोजतात) ०.१ डीबीपर्यंत ठेवा. तुकडे चिकटपट्टीवर गोळा करा. काच बोटात शिरली तर दिसतही नाही. चालू फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका.

केबल ओढण्याआधी हिशेब मांडा. समजा ओएलटीतून, म्हणजे कंपनीच्या प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रातून, +४ डीबीएम (प्रकाशाची ताकद) निघतात. ६ किमी केबलचे सुमारे २.१, प्रकाश वाटणाऱ्या १:४ आणि १:८ स्प्लिटरचे मिळून १७.५, कनेक्टर-जोडांचे १.८, म्हणजे २१.४ डीबी गेले. घरी उणे १७.४ मिळायला हवेत. ओएनटी (घरातला इंटरनेटचा डबा) साधारण उणे २७ पर्यंत चालतो, पण उणे २५ च्या खाली गेलेली जोडणी सोपवू नका, पावसाळ्यात तीच तक्रार घेऊन येते.

ओएनटीवर लाल 'LOS' दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) लागला की आधी हिरवा कनेक्टर पुसून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात लॉस १३१० पेक्षा बराच जास्त दिसला तर केबल कुठेतरी दुमडली आहे: दाराच्या फटीत, नाहीतर खिळ्याखाली. जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरणं आणि जेसीबीनं केबल तोडणं ही नेहमीचीच दुखणी, म्हणून खांबाखांबाला थोडी जादा केबल गुंडाळून ठेवा. पंचायतीतला यूपीएस बंद पडला तर अख्खं गाव बंद पडतं आणि शिव्या तुम्हालाच बसतात. बॅटरी महिन्यातून एकदा तपासा.

इंटरनेट कंपनीशी करार लेखीच करा. मासिक वसुलीतला वाटा किती, ओएनटी कोणाचा, खांबाचं भाडं कोण भरणार, तुटलेली केबल कोणाच्या खर्चानं जोडायची, हे त्यात स्पष्ट हवं. जोडणीचे पैसे एकदाच मिळतात, त्यामुळे देखभालीचा दर ठरल्याशिवाय सही करू नका.