लिनोकट: जे कोराल ते पांढरं राहील

छापचित्रं करायची तर मोठा प्रेस हवा, या समजुतीमुळे चित्रकलेचे कितीतरी विद्यार्थी या माध्यमाच्या वाटेला जात नाहीत. लिनोकट म्हणजे लिनोचा तुकडा कोरायचा, न कोरलेल्या भागाला शाई लावायची आणि त्याचा कागदावर छाप घ्यायचा. त्याला एक भक्कम टेबल, दोन-तीन कोरण्या, रबरी रोलर आणि स्वयंपाकघरातला डाव एवढं पुरतं. पहिल्यांदा लिनोचा 15 × 20 सेंटिमीटरचाच तुकडा घ्या. मोठा घेतला तर सगळा दिवस कोरण्यात जातो.

लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा थर, पाठीला तागाचं कापड. गारठ्यात तो कडक होतो, म्हणून आधी दहा मिनिटं उन्हात ठेवा.

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा. कागद पालथा घालून पाठीवरून घासा, म्हणजे रेषा लिनोवर उलट्या उमटतील आणि छाप सुलट येईल. अक्षरं असतील तर हे विसरून चालणार नाही. आता काळं राहणारं सगळं मार्करने भरून घ्या. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण इथेच चित्र ठरतं. चित्रकार नंदलाल बोस यांचं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं 1930 चं लिनोकट बघा: काळ्यात मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि त्यातून चालणारा अख्खा माणूस. आपण अंधारातून उजेड काढतो आहोत, हे त्याच्याकडे बघून जितकं कळतं तितकं कुणी सांगून कळत नाही.

बारीक रेषांना व्ही आकाराची कोरणी, मोकळी जागा काढायला यू आकाराची. कोरणी आडवी धरून पुढे ढकला. ती तागापर्यंत जाऊ देऊ नका. वळण आलं की हात नव्हे, लिनो फिरवा. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. हा नियम मी कार्यशाळेत दर अर्ध्या तासाने पुन्हा सांगते, कारण जखमा होतात त्या मन चित्रात रमल्यावरच. रेषेच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवा. आतून पोखरलेली रेषा छापताना तुटते. मध्येच पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की काम कुठवर आलं ते दिसतं.

शाई काचेवर थोडीशीच घ्या आणि रोलर उभा-आडवा फिरवा. इथे कानांचा उपयोग होतो. चिकट, पचपच आवाज येत असेल तर शाई जास्त आहे. मंद चुरचुर ऐकू आली की बरोबर. लिनोवर एकदाच जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्या, नाहीतर बारीक रेषा बुजतात.

कागद पातळ आणि गुळगुळीत हवा. तो वरून अलगद सोडा, एका हाताने दाबून धरा आणि डावाच्या पाठीने मधून कडांकडे गोल गोल घासा. एक कोपरा उचलून बघा. फिकं असेल तर परत ठेवून घासा. पहिले दोन छाप लिनोच्या अंगात शाई मुरवण्यातच जातात, त्यांच्यावरून निराश होऊ नका.

तेलाची शाई वाळायला काही दिवस लागतात, तोवर छाप दोरीवर चिमट्याने टांगा. काच आणि लिनो खाण्याच्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. छाप वाळल्यावर खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही. 3/10 म्हणजे दहातला तिसरा.