गॉथिक आणि न्वार कथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी कथा पाठवायचे दिवस आले की ओळखीतली नवी लिहिणारी मंडळी आपापली बाडं माझ्याकडे वाचायला देतात. कुणी कळव्याचं, कुणी नेरूळचं, कुणी घणसोलीचं. यंदा निम्म्याहून जास्त कथांत डोंगरातला जुना बंगला होता, दाट धुकं होतं आणि हातात कंदील घेतलेला रखवालदार होता. उरलेल्यांत पावसात सिगारेट ओढणारा ओव्हरकोटातला डिटेक्टिव्ह. पहिल्या गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूतल्या भयकथा; दुसऱ्या न्वार, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी कथा. ठाण्यात इतकी वर्षं राहतोय, ओव्हरकोट मी कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. या मुलांची भाषा चांगली आहे, मेहनतही आहे. कथा अडते ती काही ठरावीक जागी.

उसनी जागा

सगळ्यात मोठी चूक हीच. गॉथिक कादंबरीची सुरुवात ज्याच्यापासून मानतात, त्या होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं 1764 साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी लिहिली ती एका स्वप्नावरून. प्रचंड जिना, आणि वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला अवाढव्य हात. स्वप्न आकाशातून पडलं नव्हतं. लंडनजवळचं आपलं घर तो कितीतरी वर्षं हौसेनं जुन्या गॉथिक धर्तीवर बांधत होता. दिवसभर डोक्यात जे घोळायचं तेच रात्री दिसलं. आपण मात्र त्याचा जिना उचलतो आणि स्वतःचा सोडून देतो.

गॉथिकचा जीव किल्ल्यात नाही, न मिटलेल्या भूतकाळात आहे. त्या बाबतीत नवी मुंबईइतकी श्रीमंत जागा शोधून सापडायची नाही. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची. शहर नवं, जमीन जुनी. 95 गावांची भातशेती आणि मिठागरं घेऊन हे सेक्टर उभे राहिले. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना त्या लढ्यातून आली. आजही सेक्टरच्या मधोमध गावठाण आहे, गावदेवीचं देऊळ आहे. खाडीपलीकडे ठाण्यात पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. एवढं हाताशी असताना महाबळेश्वरला कशाला जायचं?

घणसोलीच्या एका मुलीच्या कथेत खरोखरच महाबळेश्वरचा बंगला होता. मी तिला घरातल्या जुन्या कागदांबद्दल विचारलं. पुढच्या वेळी ती आजीच्या पत्र्याच्या पेटीतला सातबारा घेऊन आली. घडीवर चिरलेला, कडा तपकिरी झालेल्या. पणजोबांच्या नावाला कंस केलेला, बाजूला फेरफाराचा नंबर. नाव पुसत नाहीत, कंसात ठेवतात. ज्या जमिनीचा तो उतारा, तिथे आज टॉवर आहे आणि ही मुलगी त्याच्या नवव्या मजल्यावर शिकवण्या घ्यायला जाते. कथा तिच्या पेटीतच होती. वॉलपोलनंही पहिल्या आवृत्तीत आपली कादंबरी म्हणजे एका जुन्या इटालियन पोथीचं भाषांतर आहे असं भासवलं होतं. जुना कागद या प्रकारात पहिल्या दिवसापासून आहे. आपला जुना कागद सातबारा आहे, एवढंच.

विशेषणांचा मारा

हे वाक्य मला दर वर्षी भेटतं: ‘त्या भयाण, काळ्याकुट्ट रात्री त्या गूढ घरात एक जीवघेणी शांतता पसरली होती.’ चार विशेषणं, आणि दिसत काहीच नाही. घाबरायचं काम लेखकानंच उरकून टाकलं, वाचकासाठी काही शिल्लक नाही. आता हे बघा:

‘वरचा फ्लॅट मार्चपासून बंद होता. छतावरचा ओलीचा डाग मात्र रोज पसरत होता. आईनं स्टुलावर चढून डागाभोवती पेन्सिलनं रेघ ओढली आणि तारीख लिहिली. सकाळी डाग रेघेच्या आत आला होता. आईनं खोडरबर मागितलं.’

सिडकोच्या कुठल्याही जुन्या इमारतीत असा डाग आणि पोपडे धरलेला रंग सापडेल. एकही शब्द भीतीचा नाही, तरी त्या खोडरबराशी हात थांबतो. गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, 1826 मध्ये छापला गेला. त्यात तिनं दोन भीतींतला फरक सांगितलाय: एक मनाला ताणून जागं करते, दुसरी गोठवून टाकते. रक्त, कवटी, किंकाळी ही दुसरी. डाग आणि रेघ पहिली. ती जमत नसेल तर कथेतली सगळी विशेषणं काढून एकदा वाचा. जे उरेल तेवढंच तुम्ही खरं लिहिलंय.

न्वार म्हणजे खून, असा समज

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. 1945 मध्ये पॅरिसात काळ्या मुखपृष्ठांची एक रहस्यकथामाला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नीनो फ्रँक या समीक्षकानं तो शब्द अमेरिकी सिनेमांना लावला. कथा मात्र त्याआधीच्या. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी, मध्येच 1929 ची मंदी. पोलीस, पुढारी, गुंड एकाच ताटात. या कथा लिहिणारा डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून आलेला, त्यामुळे त्याच्या कथांना पाळत ठेवून दुखणाऱ्या पायांची माहिती आहे.

खून नसला तरी न्वार चालते, पैशाची निकड नसली तर चालत नाही. नायकाला किती रुपये हवेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्या दोन पानांत कळू द्या. समजा, वाशीच्या मार्केटमधला एक मापाडी. मुलीच्या कॉलेजची फी भरायला नऊ दिवस राहिलेत. पहाटे कांद्याच्या गाड्या लागल्यात आणि कुणीतरी त्याला फक्त दोन किलो कमी लिहायला सांगतंय. चूक आहे हे त्याला ठाऊक आहे. तो पेन उचलतो. इथून पुढे ओव्हरकोटाची गरजच पडत नाही.

संवादांबद्दल थोडक्यात: ते डब केलेल्या सिनेमासारखे वाटत असतील तर मोठ्यानं वाचा. लगेच कळतं.

प्रभावाला घाबरणं, किंवा त्यात बुडणं

प्रभाव लपवायची वस्तू नाही. नारायण धारपांनी पाश्चात्त्य भयकथेतल्या कल्पना मोकळेपणानं घेतल्या आणि मराठी घरांत मुरवल्या. रत्नाकर मतकरींच्या कितीतरी गूढकथा साध्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात घडतात. उसनं घेणं वाईट नाही, न मुरवणं वाईट.

मुरवायचं कसं, ते रेमंड चँडलर या अमेरिकी न्वार-लेखकाकडून शिकण्यासारखं आहे. 1932 मध्ये तेल कंपनीतली नोकरी गेल्यावर त्यानं दुसऱ्या लेखकाची एक कथा घेतली, तिचा बारीक सारांश काढला, सारांशावरून ती पुन्हा स्वतः लिहिली आणि मूळ कथेशी ताडून पाहिली. आपण कुठे घसरलो ते बघून पुन्हा लिहिली. पहिली कथा छापून आली 1933 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पहिली कादंबरी 1939 ची, तीही स्वतःच्याच आधीच्या कथा जोडून-मोडून केलेली. तुमच्या आवडत्या गूढकथेवर हा प्रयोग करा. सारांश काढून वही आठ दिवस बंद ठेवा, मग लिहा.

शेवटी सगळं उलगडून सांगणं

‘ते स्वप्न होतं’ आणि ‘इन्स्पेक्टर म्हणाले’ हे दोन्ही शेवट सोडून द्या. शेवटचा परिच्छेद हातानं झाकून कथा वाचा. बहुतेक वेळा ती आधीच संपलेली असते.

घणसोलीच्या त्या मुलीनं चौथ्या खर्ड्यापर्यंत पणजोबांना लिफ्टमध्ये उभं केलं होतं, पांढरं धोतर, पाणावलेले डोळे, सगळं. पाचव्यात ते नाहीत. लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबते, दार उघडतं. आत कुणी नाही. फक्त भाताच्या आवणाच्या चिखलाचा वास.