लीज लाईन घेताय? आधी केबलच्या वाटेने चालत जा

"सर, स्पीड किती हवा?" लीज लाईन, म्हणजे एकट्या तुमच्या कंपनीसाठी राखलेलं इंटरनेट कनेक्शन, विकायला येणारा प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: स्पीडचं नंतर बघू, तुमची केबल आमच्या गेटपर्यंत कुठून येणार ते आधी दाखव. भोसरी एमआयडीसीतल्या एका टूल-रूमची आयटी मी बरीच वर्षं सांभाळतोय. स्वतःच्या आणि ओळखीच्या कंपन्यांच्या मिळून दहा-बारा लाईनी घेऊन झाल्या. त्यातली एक चांगलीच महागात पडली, म्हणून हे लिहितोय.

आधी ठरवा, लाईन खरंच लागते का. ब्रॉडबँडच्या फायबरवर सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट डाउनलोडला आणि सव्वा गिगाबिट अपलोडला एवढी जागा असते आणि ती 32 किंवा 64 गिऱ्हाइकांत वाटली जाते. संध्याकाळी आख्खी सोसायटी क्रिकेट बघायला बसली की तुमचं डाउनलोड रांगेत. लीज लाईनवर घेतलेला स्पीड एकट्या तुमचा, दोन्ही दिशांना सारखा आणि स्थिर आयपीसकट (आयपी म्हणजे लाईनचा इंटरनेटवरचा पत्ता, इथे तो बदलत नाही). ऑफिसात सर्व्हर आहे, बाहेरची माणसं व्हीपीएनने (इंटरनेटवरून सुरक्षित वाटेने) ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येतात, ग्राहकाला जाडजूड ड्रॉइंग फायली जातात, असं असेल तर घ्या. आठ माणसं, मेल आणि टॅली एवढाच कारभार असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रॉडबँड घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला यूपीएस आणा. विकणारा हे सांगणार नाही.

स्पीड ठरवायला राउटरवरचा महिनाभराचा ग्राफ बघा, त्यातही अपलोडचा. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट, हे साहेबांना कागदावर लिहून द्या, नाहीतर "शंभर घेतलंय ना, मग शंभरची फाईल सेकंदात का जात नाही?" हे वर्षभर ऐकावं लागेल. 10 जीबीची फाईल 20 एमबीपीएसवर जायला तासाच्या वर लागतो, 100 वर चौदाएक मिनिटं. शंका असेल तर लहान आकडा घ्या. फायबर तेच राहतं, पुढे स्पीड वाढवणं बहुतेक वेळा फोन-मेलचं काम असतं.

कोटेशन तिघांकडून मागवा. एकदाचा खर्च, वर्षाचं भाडं, 18 टक्के जीएसटी, आयपी किती आणि राउटर कोणाचा, हे एकाच तक्त्यात मांडा.

आता केबलची वाट. इथेच मी आपटलो.

आमच्याकडे आधी एकच लाईन होती. ती एकदा दिवसभर बंद पडली, म्हणून दुसऱ्या कंपनीची दुसरी घेतली. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन राउटर, आता काय बिघडणार अशा थाटात मी होतो. पुढच्याच उन्हाळ्यात गेटपासून दोनेकशे मीटरवर पाण्याच्या पाइपासाठी जेसीबी लागला आणि सकाळी सव्वाअकराला दोन्ही लाईनी एकाच मिनिटात गेल्या. पळत गेलो तर बकेटच्या दाताला एकच काळा पाइप लोंबत होता आणि त्यातून दोन केबल बाहेर आलेल्या. दुसऱ्या कंपनीचं स्वतःचं फायबर आमच्या रस्त्यावर नव्हतंच. शेवटच्या टप्प्यासाठी तिने पहिल्या कंपनीच्याच डक्टमधली, म्हणजे त्याच काळ्या पाइपातली, जागा भाड्याने घेतली होती. इकडे गेटवर भरलेला टेम्पो उभा, ई-वे बिल निघेना. शेवटी अकाउंट्सच्या ताईंनी स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते काढलं. दोन लाईनींचं भाडं भरणारी कंपनी त्या दिवशी एका मोबाईलच्या रिचार्जवर चालली.

म्हणून "फीजिबल आहे सर" या उत्तरावर समाधान मानू नका. त्याचा अर्थ एवढाच की केबल कशीतरी पोहोचेल. तुम्ही विचारायचं ते वेगळं. शेवटचा टप्पा स्वतःचा की भाड्याचा? भाड्याचा असेल तर कोणाचा? जमिनीखालून की खांबांवरून? कुठल्या चेंबरमधून (केबलसाठी रस्त्यात केलेला झाकणाचा खड्डा), कुठल्या बाजूने आत? मार्गाची केएमझेड फाईल, म्हणजे नकाशाची फाईल, मागा, गूगल अर्थवर उघडते. "ती कॉन्फिडेन्शियल असते" म्हणाले तर निदान शेवटच्या किलोमीटरचा नकाशा घ्या.

मग तो नकाशा घेऊन चालत जा. सेल्सवाला नको, सर्व्हेला येणारा लाईनमन बरोबर घ्या. त्याला चहा पाजा, तो दहा मिनिटांत खरं काय ते सांगतो: कुठे केबल झाडाच्या फांदीला टेकली आहे, कुठला चेंबर पावसात भरतो, कुठे गेल्या वर्षभरात तीनदा जोड मारावा लागला. मी प्रत्येक चेंबरचा फोटो काढून ठेवतो. पहिली आणि दुसरी लाईन एका चेंबरमध्ये भेटली, तर दुसरी लाईन घेऊ नका. कितीही सवलत देऊ देत.

दुसरी वाट केबलने मिळतच नसेल तर गच्चीवर रेडिओ लावा, म्हणजे समोरच्या टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेणारा अँटेना. "पावसात रेडिओ बंद पडतो" हा सल्ला सगळे देतात. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणाऱ्या रेडिओला पावसाने फारसं काही होत नाही. वाऱ्यात हलणारा खांब, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि शेजाऱ्याने मधेच चढवलेली पत्र्याची शेड, ही त्याची खरी दुखणी. खांबाला तिन्ही बाजूंनी ताण द्या आणि समोरचा टॉवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतोय ना ते बघा. आमची दुसरी लाईन आता अशीच आहे.

खोदाई लागणार असेल तर ऑर्डर हिवाळ्यात द्या. पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही आणि मे महिन्यात केलेली ऑर्डर दिवाळीपर्यंत लोंबकळते.

करारातला एसएलए, म्हणजे लाईन किती टक्के वेळ चालू राहील याची हमी, वाचताना टक्क्यांचे तास करा. 30 दिवसांच्या महिन्यात 99.5 टक्के म्हणजे 3 तास 36 मिनिटं बंद चालेल, 99.9 टक्के म्हणजे 43 मिनिटं. त्याखालचं बारीक अक्षर वाचा. "तिसऱ्या पक्षाने केबल तोडल्यास लागू नाही" असं कलम असेल तर ते काढायला लावा. आमच्या लाईनी गेल्या त्या बहुतेक जेसीबीनेच, मग हमी नक्की कशाची? भरपाई म्हणून बिलातून थोडेफार पैसे वजा होतात, त्याला फार किंमत नाही. दुरुस्ती किती तासांत आणि रात्री दोनला फोन कोण उचलणार, हे लेखी घ्या. तक्रार फोनवर केलीत तरी लगेच मेल टाका, बंद काळ तिकिटाच्या, म्हणजे तक्रार नोंदल्याच्या, वेळेपासून मोजतात.

लाईन सुरू झाली की लॅपटॉप थेट लाईनवाल्यांच्या कन्व्हर्टरला (फायबरला साध्या नेटवर्क वायरशी जोडणारा डबा) जोडा. मधे फायरवॉल नको, वायफाय तर नकोच. आयपर्फ या स्पीड मोजायच्या प्रोग्रॅमने दोन्ही दिशा तपासा, लाईन मधेच तुटते का ते बघायला एक दिवस पिंग चालू ठेवा आणि मगच लाईन मिळाल्याच्या कागदावर सही करा. बिल त्या सहीपासून सुरू होतं. आणि तो चिमुकला कन्व्हर्टर यूपीएसवर आहे ना बघा. सर्व्हर यूपीएसवर, राउटर यूपीएसवर आणि कन्व्हर्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटला, असं मी चार ठिकाणी पाहिलंय.

शेवटचं काम दर महिन्याचं. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी असते, तेव्हा मी पहिल्या लाईनची वायर काढून ठेवतो आणि दुसरीवर सगळं चालतंय का बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा नेट सुरू, मेल सुरू, पण ग्राहकाचा ड्रॉइंग सर्व्हर दारातच घेईना. आत घ्यायच्या आयपींच्या त्यांच्या यादीत आमचा एकच, पहिल्या लाईनचा, आयपी होता. दोन्ही आयपी त्यांना त्याच दिवशी कळवले. यादीत चढायला तीन आठवडे लागले.